डबीतली आगाऊ खबर

प्लास्टिकच्या डबीत शौचाचा नमुना, वर नावाची चिठ्ठी, आणि लॅबच्या काउंटरवर डबी सरकवताना चोरटी नजर. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारांच्या रुग्णांना हा सोपस्कार पाठ असतो. लाजायचं काही कारण नाही. आतड्यात काय शिजतंय, हे बरेचदा पोटाच्या आधी या डबीला कळतं.

खबऱ्याचं नाव कॅलप्रोटेक्टिन. नॉर्वेच्या माग्ने फागेरहोल आणि सहकाऱ्यांनी 1980 साली ते पांढऱ्या पेशींतून वेगळं काढलं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत ते ठासून भरलेलं असतं. जंतूंना लागणारं झिंक आणि मँगनीज बळकावून त्यांची उपासमार करायची, हे त्याचं काम. आतड्याला सूज आली की न्यूट्रोफिल तिकडे धावतात, आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि शौचातून बाहेर पडतात. पोकळीतले जंतू कॅलप्रोटेक्टिनला सहजासहजी पचवू शकत नाहीत. म्हणूनच नमुना लॅबला पोचेपर्यंत ते शाबूत राहतं.

साधारण हिशेब असा: एका ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त, 250 च्या वर गेलं तर डॉक्टर सावध. मधल्या आकड्यांना काही आठवड्यांनी पुन्हा डबी!

लंडनच्या संशोधकांनी 2000 साली गंमत दाखवली. आजार शांत असलेल्या 80 जणांचं कॅलप्रोटेक्टिन मोजलं आणि वर्षभर वाट पाहिली. ज्यांचा आजार उलटला, त्यांतल्या 90 टक्क्यांना या चाचणीने आधीच हेरलं होतं. पुढे अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा हा आकडा 78 टक्क्यांवर घसरला. तरीही वाईट नाही. हवामान खात्याला विचारा. बेल्जियममधल्या एका अभ्यासात तर आजार उलटण्याच्या तीन महिने आधीपासूनच पातळी चढायला लागली होती. तेव्हा रुग्ण मजेत जेवत होते.

कॅलप्रोटेक्टिन मात्र एन्झाइम नव्हे, नुसतं प्रथिन. अस्सल एन्झाइम हवं असेल तर त्याच पेशींतलं मायलोपेरॉक्सिडेज पाहा. त्यात लोह असतं, पण रंग रक्तासारखा लाल नाही, चक्क हिरवा! पू आणि घट्ट कफ हिरवट दिसतो तो याच्यामुळे. हे महाशय हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मिठातलं क्लोराइड घेऊन हायपोक्लोरस आम्ल बनवतात. म्हणजे फरशीवर ओततो त्या ब्लीचचा सख्खा भाऊ, तोही आपल्याच पेशीत. जंतू मरतात, आणि आतड्याचं अस्तरही होरपळतं. न्यूझीलंडमधल्या एका गटाने 2022 मध्ये हेच एन्झाइम शौचात मोजलं. ज्यांच्यात ते जास्त, त्यांचं दुखणं पुढे बिघडण्याची शक्यताही जास्त दिसली. आणखी एक नवल: काही लोकांत हे एन्झाइम जन्मतःच नसतं, आणि त्यातले बहुतेक जण ठणठणीत असतात.

खबऱ्या कधी कधी हूलही देतो. गुडघेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आकडा वाढवते. जुलाबाचा संसर्गही वाढवतो. तान्ह्या बाळांत तो मुळातच चढा असतो. आपल्याकडची डोकेदुखी निराळीच: आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला जुळे, आणि आकडा दोन्हींत चढतो. म्हणून एकट्या रिपोर्टवर निदान करत नाहीत, आणि आकडा पाहून रुग्णाने परस्पर गोळ्या कमी-जास्त करणं तर अगदीच वेडेपणा.

आतड्याच्या या आजारांनी मोठ्या खुर्च्याही हलवल्या आहेत. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. 2020 मध्ये त्यांनी पद सोडलं, ते आजार उलटल्यामुळेच. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर 1956 मध्ये क्रोन्ससाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ते पुन्हा निवडूनही आले.

पुन्हा डबीकडे वळू: पोट शांत असताना नुसत्या आकड्यावरून डॉक्टरांनी औषध वाढवायचं का? 2017 च्या ‘काम’ (CALM) नावाच्या चाचणीत क्रोन्सच्या 244 रुग्णांवर हेच करून पाहिलं. एका गटात फक्त लक्षणं पाहून औषध ठरवलं, दुसऱ्यात कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातला सीआरपी हा सूज दाखवणारा घटकही पाहिला. 48 आठवड्यांनी दुर्बिणीने आत डोकावलं. पहिल्या गटात 30 टक्क्यांचं आतडं भरून आलं होतं, दुसऱ्यात 46 टक्क्यांचं.