आज पोरांची मॅच

पहाटे ५.३०
मॅचचा दिवस, म्हणून सराव हलका. गांधी मैदानाला फेऱ्या, थोडं पासिंग, की झालं. थोरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, धाकटा पहिल्या. दोघं एकाच कॉलेजच्या संघात असायचं हे एकच वर्ष. त्यातून दोघंही डाव्या बाजूला: थोरला मागे लेफ्ट बॅक, धाकटा पुढे विंगला. येताना गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. मिशीला फेस तसाच ठेवून धाकटा विचारतो, "आप्पा, दुपारी येणार न्हवं?"
"येतोय की!"

सकाळी ८
उद्यमनगर. आमची सुटी सोमवारी आणि मॅच बुधवारी. मालकांना अर्धी रजा सांगून ठेवली आहे, पण हातातला लॉट पुरा करूनच निघायचं. पंपाच्या कास्टिंगमध्ये बेअरिंगचे बोअर मारायचे आहेत. जॉब चकमध्ये बांधायचा, डायल लावून खरा करायचा, शेवटचा कट हलक्या हाताने घ्यायचा. पंप सुरू झाल्यावर हा बोअर कुणाच्या नजरेला पडत नाही, पण तो बिघडला तर बेअरिंग टिकत नाही.

सकाळी ११
चहाला शेजारच्या मशीनवरचा विचारतो, "पोरं कुठल्या तालमीची?" कोल्हापुरात फुटबॉलचं नाव निघालं की पहिला प्रश्न हाच. हंगामात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ एकमेकांशी भिडतात आणि अख्ख्या पेठा गॅलरीत येतात. कॉलेजच्या संघाची गंमत वेगळी. ज्या पोरांनी उन्हाळ्यात एकमेकांना आडवं पाडलं, तीच इथे एका जर्सीत एकमेकांसाठी पळतात. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हा माझी दोघं शाळेत होती. त्या दिवसांत त्यांच्या पायातून चेंडू सुटतच नव्हता.

दुपारी २
लॉट संपला. हात घासून धुतले तरी कूलंटचा वास जात नाही. तसाच विद्यापीठाच्या मैदानावर पोहोचतो. कोल्हापूर विभागाचा अंतिम सामना आहे. इथून पुढे आंतरविभागीय सामने, सांगली आणि साताऱ्याच्या कॉलेजांशी. त्यातूनच शिवाजी विद्यापीठाचा संघ निवडतात. थोरला खाली बसून धाकट्याची लेस बांधतो आहे. दोनदा ओढून पाहतो, मग पाठीवर थाप मारतो. लहानपणी शाळेत सोडताना हेच करायचा.

दुपारी ३
शिट्टी झाली. सगळं मैदान चेंडू बघतं, मी माझी पोरं बघतो. धाकटा चेंडू घेऊन सुटला की आरडाओरडा होतो, टाळ्या पडतात. त्याच वेळी मागे थोरला काय करतो, हे बघण्यासारखं असतं. भाऊ वर गेला की डावी बाजू उघडी पडते. थोरला लगेच दोन पावलं आत सरकतो, सेंटर बॅकला हाताने खूण करतो आणि समोरच्या विंगरला डोळ्यांआड होऊ देत नाही. चेंडू त्याच्यापासून चाळीस पावलांवर असला तरी त्याचं काम चालूच.

दुपारी ४.३०
उत्तरार्धात अजून शून्य-शून्य. धाकट्याने दोघांना चकवून क्रॉस टाकला, तो बचावपटूला लागून बाहेर गेला. कॉर्नर. त्यावर आमच्या सेंटर फॉरवर्डने डोक्याने गोल मारला. हे पोरगं दुसऱ्या पेठेचं. हंगामात त्याला आमची गल्ली नुसती धारेवर धरते. आज धाकट्याने त्याला खांद्यावर उचलून घेतलं.
शेवटच्या मिनिटांत समोरच्यांनी लांब चेंडू टाकला. धाकटा वरच अडकलेला. थोरला तिरका धावत आला आणि घसरून चेंडू रेषेबाहेर काढला. टाळ्या फारशा पडल्या नाहीत, कारण पुढच्याच थ्रोवर शिट्टी वाजली आणि सगळे मैदानात धावले. माझा ऊर भरून आला तो त्या घसरण्याने.

रात्री ९
बुधवार, त्यात विजय. घरी मटण झालं आहे. हिला मॅच बघायला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून धाकटा ताटावरून सगळं सांगतो आहे. थोरला गप्प जेवतो. मी म्हणतो, "तो शेवटचा चेंडू काढलास, म्हणून आज जिंकलो."
तो वर बघतो. "तुम्ही बघितलं व्हय?"
"सगळं बघितलं. पहिल्या हाफमध्ये कितीदा आत सरकलास, ते पण."
धाकटा चटकन म्हणतो, "म्हणून तर मी बिनघोर वर जातो, आप्पा."

गोल, ट्रॉफी, पेपरातलं नाव, सगळंच हवंसं वाटतं. पण आपल्या मागे भाऊ आहे हे धाकट्याला ठाऊक असावं आणि कुणी बघो न बघो थोरल्याने आपली जागा सोडू नये, हे पोरांमध्ये उतरलेलं पाहणं याहून मोठं सुख बापाला कुठलं? पुढचे सामने सांगलीत होतील की साताऱ्यात, ते अजून ठरायचं आहे. कुठेही होवोत, रजा मी उद्याच सांगून ठेवणार आहे, आणि या वेळी हिलाही सोबत नेणार आहे.