परवान्यांच्या रकान्यांतून उलगडतो लहरींचा नकाशा

रेडिओलहरी डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र त्या वापरण्याचा परवाना कोणाला, कोठे आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीसाठी मिळाला, याची नोंद सरकारदरबारी असते. ही नोंद जनतेसाठी खुली असली, तरी ती नकाशावर मांडली जाईपर्यंत मुकीच राहते. अमेरिकेतील अनुभव हेच सांगतो.

तेथील दूरसंचार आयोग, अर्थात एफसीसी, १९३४ पासून हे काम पाहतो. परवान्यांची संपूर्ण माहिती आयोग दर आठवड्याला, तर त्यातील बदल दररोज संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतो. परंतु ही माहिती म्हणजे उभ्या रेघांनी विभागलेल्या मजकुराच्या फायली. परवानाधारकाचे नाव एका फायलीत, मनोऱ्याचे ठिकाण दुसऱ्या, तर फ्रिक्वेन्सी तिसऱ्या फायलीत असते. प्रत्येक परवान्याच्या सामाईक क्रमांकावरून त्या जुळवाव्या लागतात.

पुढची पायरी अक्षांश-रेखांशांची. ते अंश, मिनिटे आणि सेकंद अशा वेगवेगळ्या रकान्यांत असतात. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून ती अंशांत मिळवली, की नकाशाच्या सॉफ्टवेअरला समजेल असा दशांश आकडा मिळतो. दिशेचा रकानाही स्वतंत्र असतो. पश्चिम रेखांशापुढे उणे चिन्ह द्यायचे राहिले, तर शिकागोचा मनोरा थेट चीनच्या शिनजियांग प्रांतात जाऊन उभा राहतो! एवढे जमले, की क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण, नाव किंवा फ्रिक्वेन्सीनुसार शोध घेता येतो.

या खटाटोपातून काय साधते? ग्रेगरी लॉफलिन, अँथनी अगिरे आणि जोसेफ ग्रुंडफेस्ट यांचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन हे त्याचे उत्तम उदाहरण. शिकागो आणि न्यूयॉर्क परिसरातील शेअर व वायदेबाजारांमध्ये संदेश क्षणार्धात पोहोचवण्यासाठी मायक्रोवेव्ह मनोऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सुमारे दोन-तृतीयांश वेगानेच धावतो. हवेतील लहरी मात्र जवळपास पूर्ण वेगाने. सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी चाललेली ही स्पर्धा सुट्या परवान्यांकडे पाहून ध्यानात येणे कठीण. आयोगाच्या नोंदींतील मनोरे रेषांनी जोडल्यावर मात्र दोन बाजारांमधले मार्ग स्पष्ट झाले.

अर्थात, अशा नकाशालाही मर्यादा आहेत. परवाना आहे म्हणजे मनोरा उभा आहेच, असे नव्हे. शिवाय अमेरिकेत मोबाइल कंपन्यांना सामान्यतः संपूर्ण क्षेत्रासाठी परवाना मिळत असल्याने त्यांचा प्रत्येक मनोरा या यादीत सापडत नाही.

आपल्याकडे दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर परिसरातील मोबाइल मनोरे नकाशावर पाहण्याची सोय झाली. किरणोत्सर्गाबाबतच्या शंकांचे निरसन हा त्यामागचा हेतू. मात्र घराजवळचा मनोरा पाहणे वेगळे आणि संपूर्ण नोंदवही हाती घेऊन आपले प्रश्न विचारणे वेगळे. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. मालमत्ता जनतेची असेल, तर ती कोणाच्या वापरात आहे याचा हिशेबही जनतेला सहज शोधता यायला हवा.