दुसऱ्या पायाचे काम

चिनी युद्धकला : परंपरा आणि व्यवहार (लेखांक ७)

हात म्हणजे दाराच्या दोन फळ्या, माणूस पाडायचा तो पायाने, अशी चिनी मुष्टियोद्ध्यांची एक म्हण आहे. आणि पाय उचलला की अर्धे अंग उघडे पडले, अशीही त्यांचीच दुसरी म्हण आहे. दक्षिणेकडील ठोसाप्रधान आणि उत्तरेकडील लाथप्रधान पद्धतींचा भेद मागील लेखांकात पाहताना या विसंगतीचा ओझरता उल्लेख झाला होता. एक पाय उचलल्याने अर्धे अंग उघडे पडत असेल, तर दोन्ही पाय जमिनीवरून सुटल्यावर लढणाऱ्याचे काय होते, आणि तरीही उत्तरेकडील बहुतेक परंपरांनी उडीतील लाथा शतकानुशतके का जपल्या, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे.

आधी नावांचा घोळ सोडवणे आवश्यक आहे, कारण ‘उडती लाथ’ या एकाच शब्दाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पहिली ‘अर्छीज्याओ’, म्हणजे दोनदा उठणारा पाय : हिच्यात एक पाय गुडघ्यातून वर उचलला जातो, त्याच्या झोक्याने शरीर उचलले जाते, आणि तो खाली येत असतानाच दुसरा पाय समोर सरळ झाडला जातो. दुसरी ‘श्वानफंगज्याओ’, म्हणजे वावटळीची लाथ, हिच्यात शरीर हवेत गिरकी घेते आणि पाय बाहेरून आत कमानीसारखा फिरून विरुद्ध हाताच्या तळव्यावर चटकन आपटतो. तिसरी ‘श्वानत्झ’ ही उडी, जिच्यात धड जमिनीला समांतर होऊन पाय मागून पंख्यासारखे फिरतात. ही तिसरी वस्तुतः लाथच नव्हे. तिच्यात कोणाला काही लागावे असा हेतू नाही, आणि तिच्या निरुपयोगीपणावरून पहिलीला दोष देणे म्हणजे लेझीम पाहून तलवारबाजीचा निवाडा करणे होय.

उडीतील लाथेत जोर नसतो, कारण रेटा द्यायला पायाखाली जमीन नसते, हा नेहमीचा आक्षेप निम्माच खरा आहे. धावत येऊन घेतलेल्या उडीत संपूर्ण शरीराचा संवेग लाथेमागे असतो, त्यामुळे आघात हलका असतो असे म्हणता येत नाही. खरी अडचण वेळेची आणि दिशेची आहे. शरीर जमिनीवरून सुटले की त्याच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो. हातपाय कसेही हलवले तरी तो बदलता येत नाही. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उचलणारी उडी सुमारे ०.६४ सेकंद हवेत राहते, आणि डोळ्यांना दिसलेल्या हालचालीला माणसाचा प्रतिसाद साधारण ०.२ ते ०.२५ सेकंदांत सुरू होतो. लाथ उडीच्या शिखरावर लागते असे धरले, तरी तोपर्यंत ०.३२ सेकंद उलटलेले असतात. उडीपूर्वीची पावले, खांद्यांचा पीळ आणि हातांचा झोका या आगाऊ सूचना त्यात धरलेल्याच नाहीत, आणि नेम हुकला तर उरलेले ०.३२ सेकंद कोठेही वळता न येता खाली येण्यात जातात. याउलट गुरुत्वमध्य जेमतेम १० सेंटिमीटर उचलणाऱ्या ठेंगण्या उसळीला एकूण ०.२९ सेकंदच लागतात, म्हणजे समोरच्याला ती उमगेपर्यंत ती जवळजवळ संपलेली असते. म्हणूनच उडती लाथ चालते की नाही हा प्रश्न अर्धवट आहे आणि उडी किती उंच, एवढ्यावर निम्मे उत्तर ठरते.

उरलेले निम्मे उत्तर पहिल्या पायापाशी आहे. जपानी, आणि त्यांच्याआड लपलेल्या चिनीही, चाच्यांशी चच्यांगच्या किनाऱ्यावर लढलेला मिंगकालीन सेनापती छी जीग्वांग (१५२८–१५८८) याने १५६०च्या सुमारास लिहिलेल्या ‘जीश्याओ शिनशू’ या युद्धशिक्षणग्रंथात निःशस्त्र लढाईच्या ३२ स्थिती सचित्र दिल्या आहेत. छी हा नटव्या कवायतीचा कडवा विरोधक होता. दिसायला देखण्या आणि रणांगणात कुचकामी अशा हालचालींना तो तुच्छतेने ‘फुलांची पद्धत’ म्हणतो, आणि मुष्टिविद्या मोठ्या लढाईत उपयोगाची नाही, ती हातपाय मोकळे करून शस्त्रविद्येचा पाया घालण्यापुरती आहे, असेही स्पष्ट सांगतो. तरीसुद्धा उत्तम मुष्टियोद्ध्याची लक्षणे मोजताना पाय वर झेपावू शकले पाहिजेत, हे लक्षण त्याने गाळलेले नाही, आणि त्याच्या काळच्या नामांकित तज्ज्ञांच्या यादीत शानतुंगच्या ली पानथ्येन याचे नाव त्याच्या पायांसाठी आले आहे. ३२ स्थितींपैकी एकीत तर एक पाय आमिषासारखा अधांतरी टांगून शत्रूला पुढे ओढायचे आणि मग पायांची अदलाबदल करून लाथांची जोडी मारायची, असा डाव आहे. या अदलाबदलीत एक पाय खाली येण्यापूर्वी दुसरा वर जातो, आणि मधला क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. उडी ही तेथे त्या घाईचा परिणाम आहे.

हाच डाव साहित्यात अधिक तपशिलाने सापडतो. ‘शुइहू च्वान’ या प्रसिद्ध कादंबरीत वू सुंग हा वीर ज्यांग मनशन या आडदांड गुंडाला लोळवतो तो प्रसंग काल्पनिक असला, तरी लिहिणाऱ्याला लाथांची जाण होती हे उघड दिसते. वू सुंग प्रथम दोन्ही मुठींनी तोंडावर हूल देतो आणि एकदम पाठ फिरवून चालू लागतो; ज्यांग चिडून मागे धावतो तेव्हा त्याच्या ओटीपोटात लाथ बसते, आणि तो दोन्ही हातांनी पोट धरून खाली बसतो. मग गिरकी घेऊन वू सुंग दुसरा पाय त्याच्या कपाळावर हाणतो. येथे कपाळापर्यंत पाय उंच न्यावा लागलेला नाही, कारण कपाळच पायाच्या टप्प्यात खाली आले आहे. मँडरिन बदके नेहमी जोडीने दिसतात, म्हणून या लाथांच्या जोडीला त्यांचे नाव मिळाले. हपै प्रांतातील ‘छ्वोज्याओ’ या लाथप्रधान परंपरेत आजही लाथा अशा जोडीनेच शिकवल्या जातात. स्वतः वू सुंगशी आपले नाते जोडणारी त्या परंपरेतील आख्यायिका मात्र आख्यायिकाच समजावी.

उड्या मारणारे पाय घोडेस्वारांना खाली पाडण्यासाठी निर्माण झाले, अशीही एक लाडकी समजूत आहे. तिला आधार नाही. छी जीग्वांगची १५६८ मध्ये उत्तर सीमेवर नेमणूक झाली आणि मंगोल घोडदळाशी त्याची गाठ पडली, तेव्हा त्याने भर दिला तो युद्धगाड्यांवर आणि तोफाबंदुकांवर. भाला रोखून येणाऱ्या स्वारापुढे उडी मारण्याचा सल्ला कोणत्याही शहाण्या सेनापतीने दिला नसता.

मग ठेंगणी उसळी एवढी उंच कशी झाली? याचे एक उत्तर सरावात आहे : पायांतील स्फोटक ताकद, तोल आणि खाली उतरताना गुडघे सांभाळण्याची सवय यांसाठी उंच उडी उत्तम व्यायाम आहे, आणि तळव्यावर पाय आपटल्याचा आवाज विद्यार्थ्याला पाय नेमका कोठे पोचला ते सांगतो. हा व्यायाम सर्वांना झेपत नाही, हे परंपरेनेही ओळखले होते. छन घराण्याच्या थायचीछ्वानमध्ये अर्छीज्याओ आजही उडीसह केली जाते, तर यांग छंगफू (१८८३–१९३६) याच्या शैलीत उड्या वगळल्या गेल्या आणि लाथा जमिनीवर उभे राहून सावकाश होऊ लागल्या.

दुसरे, आणि अधिक वजनाचे, उत्तर रंगभूमीत आहे. पेकिंग ऑपेरातील योद्ध्याच्या भूमिका करणाऱ्या नटांना लहानपणापासून गालिच्यावरील कोलांट्या, गिरक्या आणि लाथा शिकाव्या लागत, आणि तेथे प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही लाथ दिसणे ही गरज होती. ‘जिवंत वू सुंग’ म्हणून ख्याती मिळवलेले नट गाय ज्याओथ्येन (१८८८–१९७१) यांचा पाय १९३४ मध्ये शांघाय येथे वू सुंगच्याच भूमिकेत उंचावरून उडी घेताना मोडला. तो वाकडा जुळवला गेला, तेव्हा त्यांनी तो स्वतः पुन्हा मोडून नीट बसवून घेतला. वू सुंगची कादंबरीतील लाथ आणि त्याचीच रंगमंचावरील झेप यांतील अंतर एवढे मोठे आहे.

आजच्या ‘थाओलू’ने, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमबद्ध सादरीकरणाने, रंगभूमीचा हा वारसा गुणांत बांधला आहे. १४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद गालिच्यावर होणाऱ्या या स्पर्धेत १० पैकी ५ गुण हालचालींच्या अचूकतेला, ३ एकंदर सादरीकरणाला आणि २ कठीणपणाला आहेत. वावटळीची लाथ ३६० अंशांची असेल तर ०.२, ५४० अंशांची असेल तर ०.३ आणि ७२० अंशांची असेल तर ०.४ गुण मिळतात. गिरकीचे अंश मोजले जातात, पण तो पाय कोणाला लागला असता का, हे मोजण्याची सोयच या गुणपत्रकात नाही. ही जिम्नॅस्टिक्सच्या कुळातील उच्च दर्जाची कला आहे, आणि तिच्याकडून लढाईची अपेक्षा करणे तिच्यावर अन्यायाचे आहे.

लढाईची परीक्षा ‘सांदा’ या प्रकारात होते. जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच असलेल्या, ८ मीटर बाजूच्या चौकोनी ‘लेइथाय’ मंचावर हा सामना होतो आणि त्यात धडावर किंवा डोक्यावर बसलेल्या लाथेला २ गुण असतात. गुण ठोशाच्या दुप्पट असूनही तेथे उडीतील लाथ विरळाच दिसते, कारण लाथ पकडून प्रतिस्पर्ध्याला खाली आपटणे हे सांदाचे हुकमी अस्त्र आहे. गिरकीच्या लाथा मात्र तेथे टिकल्या आहेत. सांदातून मिश्र युद्धकलांत गेलेला दागेस्तानचा मुस्लिम सालिखोव्ह याने २०२२ मध्ये आंद्रे फियाल्यो याला गिरकीच्याच लाथेने हरवले. त्या लाथेत एक पाय जमिनीवर रोवलेला असतो, हे विसरू नये. खरी उड्डाणलाथ पाहायची तर २०१० मधील अँथनी पेटिसची पाहावी, जरी त्याची मूळ तालीम कोरियन तायक्वांदोची होती : पिंजऱ्याच्या जाळीवर पाय देऊन त्याने बेन्सन हेंडरसनच्या तोंडावर लाथ हाणली आणि त्याला खाली पाडले, पण हेंडरसन उठला आणि सामन्याचा निकाल पंचांच्या गुणांवर लागला. पडद्यावर उंच लाथांसाठी गाजलेल्या ब्रूस लीची स्वतःची शिकवणही सर्वांत जवळचे लक्ष्य, म्हणजे समोरच्याची नडगी किंवा गुडघा, गाठण्याचीच होती.

थाओलू आणि सांदा हे दोन्ही प्रकार आशियाई क्रीडास्पर्धांत ‘वुशू’ या एकाच नावाखाली खेळले जातात. २०२३ मध्ये हांगझोउ येथे भारताच्या रोशिबिना देवी यांनी ६० किलो गटात मिळवलेले रौप्यपदक सांदामधील होते. पकडलेल्या लाथेचे पुढे काय होते आणि त्यातून चिनी कुस्तीचे कोणते डाव सांदात आले, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.