निवडणुकीच्या दिवसांत काय वाचावं, काय पाहावं: जयपूरहून एक यादी

निवडणूक आली की कोण जिंकणार याखेरीज दुसरं काही कानावर पडत नाही. राजस्थानात तर फलोदीच्या सट्टाबाजारात कोणाचा भाव काय, याचीही बातमी होते. दर पाच वर्षांनी सरकार बदलायचं हा १९९३ पासूनचा तिथला शिरस्ता. २०२३ मध्येही तो मोडला नाही. पण माणसं मत देतात ती कशाला भुलून, आणि मत देऊन झाल्यावर त्यांच्या हाती काय उरतं, हे भावावरून कळत नाही. त्यासाठी दोन पुस्तकं सुचवतो. एक राजवाड्यातलं, एक रस्त्यावरचं. दोन्हींच्या वाटा जयपुरातून जातात.

महाराणी मतं मागते तेव्हा

जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचं ‘अ प्रिन्सेस रिमेम्बर्स’ हे इंग्रजी आत्मचरित्र १९७६ मध्ये आलं. लेखनात सोबत सांता रामा राव होत्या. गायत्रीदेवींची आई इंदिराराजे ही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी, म्हणजे त्यांचं आजोळ मराठी. १९६२ मध्ये त्या राजाजींच्या स्वतंत्र पक्षातर्फे जयपुरातून लोकसभेला उभ्या राहिल्या. २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मतं त्यांना पडली आणि गिनीजच्या विक्रमांत नोंद झाली. १९६७ मध्ये लोकसभा पुन्हा जिंकली, पण त्याच वेळी लढवलेली मालपुऱ्याची विधानसभेची जागा हरल्या. आणीबाणीत त्यांनी तिहारचा तुरुंगही पाहिला.

पोलो आणि शिकारीची पानं कंटाळा आला तर खुशाल उलटा. प्रचाराचा भाग मात्र सावकाश वाचा. लोक सभेला आले ते धोरण ऐकायला की राणीचं दर्शन घ्यायला? लेखिका या प्रश्नाच्या फार खोलात जात नाही, पण वाचणाऱ्याला तो पडल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडच्या घराण्यांच्या मतदारसंघांत राहणाऱ्यांना तर नक्कीच पडेल.

रस्त्यावर मागितलेला हिशेब

दुसरं पुस्तक ‘द आरटीआय स्टोरी’ (२०१८), अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेच्या सहकाऱ्यांनी मिळून सांगितलेलं. गोष्ट साध्या मजुरीपासून सुरू होते. दुष्काळी कामांवर ठरलेली मजुरी हातात पडत नव्हती. कारण विचारलं तर काम कमी भरलं म्हणायचे. हजेरीपट दाखवा म्हटलं तर ते सरकारी गुपित! राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरीत राहून काम करणाऱ्या या मंडळींनी १९९० मध्ये संघटना बांधली आणि १९९४ पासून जनसुनवाई सुरू केली. भर गावात सरकारी कागद मोठ्यानं वाचायचा आणि ज्याचं नाव त्यात आहे त्यालाच विचारायचं, पैसे मिळाले का? कागदावर झालेली कामं प्रत्यक्षात झालीच नव्हती, हे असंच बाहेर आलं.

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीचा प्रचार ऐन रंगात असताना ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. पुढच्या वर्षी जयपुरात ५३ दिवस. राजस्थानात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००० मध्ये झाला, महाराष्ट्रात २००२ मध्ये, देशासाठी २००५ मध्ये. मतपत्रिकेवर शिक्का मारून मोकळं न होता हिशेब मागत बसणारा मतदार या पुस्तकात भेटतो.

जाता जाता: याच राजसमंद जिल्ह्यातल्या नाथद्वारात २००८ च्या विधानसभा निकालात प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष सी. पी. जोशी एका मतानं हरले. ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५.

पडद्यावर

अनुराग कश्यप यांचा ‘गुलाल’ (२००९) राजस्थानातल्या विद्यार्थी निवडणुकीभोवती फिरतो. गेलेल्या संस्थानांचा कैफ, जात आणि पैसा मतपेटीत कसे उतरतात, ते यात दिसतं. हिंसा बरीच आहे. मुलांना घेऊन बसू नका.

श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ (२०१४) ही दहा भागांची मालिका राज्यसभा वाहिनीसाठी झाली. त्यात आंबेडकर साकारलेत सचिन खेडेकर यांनी. जयपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात मनुस्मृतीच्या मनूचा पुतळा उभा आहे, हे लक्षात ठेवून पाहिली तर संविधान सभेतल्या चर्चा जुन्या वाटत नाहीत.

कानांसाठी

जयपूर साहित्य महोत्सवाचा ‘जयपूर बाइट्स’ हा पॉडकास्ट आहे. महोत्सवातली बरीच सत्रं यूट्यूबवरही फुकट मिळतात. धोरणाच्या किचकट गोष्टी सोप्या हिंदीत हव्या असतील तर ‘पुलियाबाजी’ ऐका. रोजच्या लोकलमध्ये एक भाग सहज संपावा.

वेळ कमी असेल तर

मतदान संपायच्या ४८ तास आधी प्रचार बंद होतो. त्या शांततेत ‘द आरटीआय स्टोरी’ हाती घ्या. गायत्रीदेवी मतमोजणीची वाट पाहताना चालतील. आणि जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) पूर्वी पाहिला असला तरी पुन्हा पाहा. फक्त निकालानंतर, खातेवाटपाची ओढाताण सुरू झाली की.