मोतीबिंदू पिकायची वाट

आमच्या आईचे डोळे ६८व्या वर्षी अचानक सुधारले. गोधडीला टाके घालायला बसली आणि चष्मा न लावता तिने सुईत दोरा ओवला. घरात केवढं कौतुक! शेजारच्या काकूंनी तर सगळं श्रेय गाजराच्या रसाला देऊन टाकलं. पुढे काही महिन्यांनी रस्त्यापलीकडून हात करणारा सख्खा भाऊ तिला ओळखू येईना. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटून पसरल्यासारखे दिसायला लागले. तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि दोरा ओवला गेला तोही त्याच्याच कृपेने.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. बुबुळाच्या मागे जेमतेम ४ मिलिमीटर जाडीचं एक नैसर्गिक भिंग असतं. त्याला रक्तवाहिनी नाही. त्यात नवे तंतू आयुष्यभर वरून चढत जातात आणि जुने एकही बाहेर पडत नाहीत. म्हणजे भिंगाच्या गाभ्यात आपल्या जन्माआधीचे तंतू अजून शाबूत असतात. अंगावरची कातडी कितीदा नवी होते, हा गाभा मात्र तोच. त्यातली प्रथिनं नीट रचलेली असतात तोवर प्रकाश आरपार जातो. वय, मधुमेह, उन्हाचे अतिनील किरण, तंबाखूचा धूर, वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइडं, डोळ्याला बसलेला मार, यातल्या कशानेही ती प्रथिनं गोळा होऊ लागतात. अंड्यातला पारदर्शक भाग तापला की पांढरा होतो, साधारण तसं. बऱ्याचदा आधी गाभा घट्ट होतो, प्रकाश जास्त वाकवतो आणि माणसाला जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं. हे सुख फार दिवस टिकत नाही.

आईला ऑपरेशन सांगितलं तसे नातेवाइकांचे फोन सुरू झाले. बहुतेकांचा सल्ला एकच: ‘घाई कशाला? अजून पिकला नसेल.’

हा ‘पिकणे’ शब्द मला तेव्हापासून छळतो आहे. आंबा पिकतो, गळू पिकतं, तसा मोतीबिंदूही पिकतो. त्यात एका काळचं शहाणपण आहे, पण तो काळ सरला.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरची, म्हणजे दृष्टी झाकणाऱ्या मोतीबिंदूसारख्या विकारावरची, शस्त्रक्रिया आहे. शलाकेने डोळा एका ठरावीक जागी टोचायचा, आतला दोष बाजूला सारायचा आणि तुपात भिजवलेली पट्टी बांधायची. कोणता डोळा टोचू नये हेही तिथे सांगितलं आहे. दोष अर्धचंद्रासारखा, घामाच्या थेंबासारखा किंवा मोत्यासारखा दिसत असेल तर हात लावायचा नाही. नंतर रुग्णाने शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं टाळायचं. आईला रुग्णालयातून मिळालेल्या सूचनांच्या कागदावर शिंक आणि खोकला होतेच!

या पद्धतीत भिंग डोळ्याबाहेर निघत नसे, नुसतं मागे ढकललं जाई. ही विद्या गावोगावच्या वैदूंच्या हाती शतकानुशतकं राहिली. समोरचा पडदा हटून काही जणांना लगेच दिसायचं. पुष्कळांचा डोळा पुढे सुजून, पिकून जायचा. (इथे ‘पिकणं’ अगदी खरं.) संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर १७५०मध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली. त्याला दिसलं नाहीच, आणि त्याच वर्षी तो वारला. भिंग डोळ्यातून बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने त्याच सुमारास रूढ करायला घेतली होती. आपल्याकडचं एक पान इथे उलटायला हवं. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांना नेत्रवैद्यकात विलक्षण रस होता. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्या रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत.

पण भिंग काढल्यावर काय? काढलेल्या भिंगाच्या जागी सुमारे १० नंबरचा चष्मा लागायचा. माझ्या आजीचा तसा होता, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत. दाराची चौकट वाकडी दिसे आणि कडेने येणारं माणूस एकदम समोर उगवे. आजी चहा ओतताना कपाच्या अलीकडेच ओतायची आणि आम्ही मुलं हसायचो. चष्मा हरवला की ती पुन्हा आंधळी. अशा ऑपरेशनला, आहे ती नजर पुरती जाईपर्यंत थांबणं हाच शहाणपणा होता. डॉक्टरसुद्धा तेच सांगत. ‘पिकू द्या’चा उगम हा असा.

हे चित्र पालटलं ते एका लढाऊ वैमानिकाच्या डोळ्यांमुळे. ऑगस्ट १९४०मध्ये गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या विमानाची पर्स्पेक्स या प्लॅस्टिकची काच फुटली आणि तिच्या कपच्या त्याच्या डोळ्यांत घुसल्या. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांना अशा जखमांमध्ये एक नवल दिसलं: ही कपची डोळ्यात राहिली तरी डोळा तिच्याशी भांडत नाही. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन बघायला आलेल्या विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का घालत नाही? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रिडलींनी सेंट थॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. त्या काळच्या बड्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं. ‘सर’ हा किताब मिळायला २००० साल उजाडलं. म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही तसंच भिंग बसलं.

१९६७मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमननी दंतवैद्याच्या, दात साफ करण्याच्या यंत्रावरून कल्पना उचलली आणि ‘फेको’ आलं. ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो ओढून घ्यायचा आणि तीनेक मिलिमीटरच्या छेदातून घडीचं भिंग आत सरकवायचं. लोक त्याला सरसकट ‘लेसर’ म्हणतात, पण नेहमीच्या फेकोत लेसर नसतोच. लेसर पुढे कधी लागला तर तो भिंगामागच्या पापुद्र्यावर साय धरते तेव्हा. ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात तो हाच प्रकार. खुद्द मोतीबिंदू काही परत येत नाही.

आता पिकण्याचा हिशेब उलटा झाला आहे. भिंग जितकं कठीण, तितकी ते फोडायला ऊर्जा जास्त आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना इजाही जास्त. अतिपक्व मोतीबिंदूतला द्रव झिरपून डोळ्यातला दाब चढू शकतो, आणि त्या दाबाने नस गेली तर नजर परत येत नाही. म्हणून आजचे डॉक्टर विचारतात ते एवढंच, की रोजच्या कामाला अडतंय का? पोथी वाचणं, तांदूळ निवडणं, स्कूटर चालवणं अडत असेल तर वेळ झाली. अडत नसेल तर थांबायलाही हरकत नाही. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब मात्र कुठेच मिळत नाहीत. जाहिरात काहीही म्हणो.

भारताने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६मध्ये सुरू केला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. व्यंकटस्वामी यांनी ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय उघडलं. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी हा माणूस शस्त्रक्रिया करत होता. १९९२मध्ये अरविंदच्याच ऑरोलॅबने देशात भिंगं बनवायला घेतली आणि त्यांची किंमत गरिबाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे डॉ. तात्याराव लहाने आणि त्यांच्या चमूने आनंदवनात शिबिरं घेतली. तरीही २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूचंच निघालं. इलाज वीसेक मिनिटांचा, सरकारी रुग्णालयात फुकट, आणि तरी इतके लोक अंधारात. खर्चाइतकाच यात ‘आता या वयात कशाला’चाही वाटा आहे, असं माझं मत आहे. हे वाक्य घरातल्या बाईच्या वाट्याला जास्त येतं, आणि बरेचदा तीच ते म्हणते.

आईची पट्टी काढली तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, ‘आभाळ एवढं निळं होतं होय?’ पिवळटलेलं भिंग निळा रंग अडवतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. घरी आल्यावर तिने ओट्यावरचा डाग पाहिला आणि कामवाल्या मावशींना नव्हे, मला झापलं.

दिवाळीला घर भरलेलं असेल. घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचायला लावा. एक डोळा कधीचा गेलेला असतो आणि दुसरा त्याचं काम भागवत असतो. कुणी ‘मला हल्ली चष्म्याशिवाय दिसतं’ म्हणालं, तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्या.