ब्रेक मुरवावे लागतात

कलाशाखेच्या वार्षिकांकात मोटारीच्या ब्रेकवरचा लेख पाहून काही वाचक भुवया उंचावतील. परंतु घाट उतरताना कला, वाणिज्य आणि विज्ञान असा भेद ब्रेक करीत नाहीत, आणि विठ्ठलवाडीत राहणाऱ्या गाडीवाल्याला पावसाळ्यात माळशेज चुकत नाही. पाऊस स्थिरावला की आमच्या इमारतीतल्या बऱ्याच गाड्या रविवारी मुरबाड रस्त्याला लागतात. आदल्या संध्याकाळी कुणीतरी घाईघाईने पॅड बदलून घेतो आणि "नवे पॅड टाकलेत, आता काळजी नाही" म्हणून निश्चिंत होतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. शनिवारी रात्री बसविलेले पॅड रविवारी घाट उतरण्याजोगे झालेले नसतात.

असे का, हे समजण्यासाठी ब्रेक करतो काय ते पाहू. तो गाडीच्या वेगाची उष्णता करतो. हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबविली, तर सुमारे १३९ किलोज्यूल उष्णता निघते. तेवढ्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळेल. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट. ही सारी उष्णता प्रामुख्याने पुढच्या चाकांतल्या दोन चकत्यांना आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या पॅडांना सोसावी लागते. आमच्या वडीलधाऱ्यांना पॅड हा शब्द फारसा माहीत नव्हता. कुर्ल्याला तयार होणारी त्यांची फियाट ड्रम ब्रेकची, तिथे 'शू' आणि 'लायनर' चालत. १९८३ साली मारुती ८०० आली ती पुढे डिस्क आणि मागे ड्रम घेऊन. आमच्याकडे तीच आहे आणि तिचे पॅड मी व काका घरीच, खाली अंगणात बदलतो.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण त्यात घाई नको. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग जॅक लावावा आणि गाडीखाली घोडी द्यावी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. चाक काढले की कॅलिपर दिसतो. बहुतेक लहान गाड्यांत त्याचा खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो. तो तारेने बांधून ठेवावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. तिथली काळी धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असे, आणि नव्यांची धूळही छातीला चांगली नाही. जुन्या पॅडचा मसाला तीन मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर तो निवृत्तच करावा. डिस्कवर नख अडकेल असे खोल चर असतील, किंवा तिच्यावरच कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने सावकाश दाबावा. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या डबीवर कुणीतरी लक्ष ठेवावे. ऑइल वर येऊन सांडले तर गाडीचा रंग खाते. हे काम काका माझ्याकडे देतात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पुसून त्यांना त्यांचेच खास ग्रीस लावावे, मात्र पॅडच्या तोंडाला ग्रीसचे बोटही लागता कामा नये. सगळे बसवून, नट आवळून झाले की किल्ली फिरविण्याआधी ब्रेकचे पेडल पाच-सहा वेळा, ते घट्ट लागेपर्यंत दाबावे. आत ढकललेला पिस्टन तेव्हाच पुढे येतो. हे विसरले तर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते आणि गाडी समोरच्या भिंतीलाच थांबते.

आता मुरविण्याविषयी. घरी नवा बिडाचा तवा आणला की पहिली दोन-चार घावने फाटतात. तवा मुरला की तीच अलगद सुटतात. डिस्कही बिडाचीच असते. फरक इतकाच की इथे तेलाचा थेंबही चालत नाही. नवा पॅड आणि डिस्क सुरुवातीला काही उंचवट्यांवरच टेकतात. शिवाय पॅडचा मसाला धरून ठेवणारी राळ पहिल्यांदा फार तापली की वायू सोडते, आणि पॅड घसरल्यासारखा होतो. बेताबेताने तापविले तर पृष्ठभाग भाजून निघतो आणि पॅडच्या मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. पकड खरी येते ती त्यानंतर.

त्यासाठी मोकळा रस्ता हवा. विठ्ठलवाडी स्टेशनच्या आसपास तो मिळणे नाही. आम्ही कोरडा दिवस पाहून पहाटे निघतो आणि शहाड, म्हारळ मागे टाकतो. मागे कुणी नाही हे आरशात पाहून ताशी पन्नास-साठवरून पंधरापर्यंत, मध्यम दाबाने वेग उतरवायचा. पूर्ण थांबायचे नाही. मग अर्धा किलोमीटर जाऊ द्यायचे आणि पुन्हा तेच, असे आठ-दहा वेळा. शेवटी ब्रेक फारसा न लावता काही किलोमीटर चालवून डिस्क थंड करायच्या. पॅडच्या खोक्यावर वेगळी रीत छापली असेल तर तीच पाळावी. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिले, तर मसाला एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना पाय थरथरतो. लोक म्हणतात डिस्क वाकली, पण पुष्कळदा असतो तो हा डाग.

यानंतरही दोनेकशे किलोमीटर जपून चालवावे, मगच माळशेज. तिथे जाताना चढ असतो, परीक्षा परतीच्या उतारावर. उतरताना खालचा गिअर ठेवावा, पाय सतत ब्रेकवर नको. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, आणि आपल्याकडच्या हवेत ओल काय कमी! डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. ते उकळले की नळीत बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडते. दर दोन वर्षांनी ते बदलावे. पॅड घातल्यावर आठवड्याने चाकाचे नट आणि डबीतली पातळी पुन्हा एकदा पाहावी.