प्रभारी विजेता

जानेवारी १९४२ मध्ये बॉक्सिंगमधला हेवीवेटचा जगज्जेता जो लुई अमेरिकी सैन्यात भरती झाला. मार्चमध्ये त्याने एब सायमनला हरवलं, आणि त्यानंतर जून १९४६ पर्यंत हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी एकही लढत झाली नाही. चार वर्षं गादी कुलूपबंद. आणि नेमकी हीच चार वर्षं क्लीव्हलंडच्या जिमी बिव्हिन्स या बॉक्सरच्या ऐन बहराची होती.

जन्म १९१९ चा, जॉर्जिया राज्यातला. वाढला मात्र क्लीव्हलंडमध्ये. उंची अवघी पाच फूट नऊ इंच, पण हातांचा पल्ला ७९ इंच! समोरच्याला वाटायचं, आपण सुरक्षित अंतरावर आहोत. तेवढ्यात डावा हात तोंडावर येऊन आदळलेला असायचा.

१९४२ च्या सुरुवातीला त्याने लाइट हेवीवेटचा जगज्जेता गस लेस्नेविच याला हरवलं. पण ती लढत किताबासाठी नव्हती, त्यामुळे पट्टा लेस्नेविचच्याच कमरेला राहिला. नशिबाने पुढचं सगळं तिथेच सांगून ठेवलं होतं म्हणायचं. लवकरच बिव्हिन्स लाइट हेवीवेट आणि हेवीवेट या दोन्ही गटांत पहिल्या क्रमांकाचा दावेदार ठरला. जानेवारी १९४३ मध्ये त्याने एझर्ड चार्ल्सला पुन्हा पुन्हा खाली पाडून गुणांवर हरवलं. फेब्रुवारीत अँटन ख्रिस्टोफोरिडिसला पंधरा फेऱ्यांत नमवल्यावर त्याला बिरुद मिळालं ‘ड्युरेशन चॅम्पियन’, म्हणजे युद्ध असेपर्यंतचा विजेता. आपल्या सरकारी भाषेत ‘प्रभारी’: काम सगळं करायचं, पदाची पाटी मात्र दुसऱ्याच्या नावाची.

१९४४ साली त्यालाही वर्दी चढवावी लागली. परतल्यावर, ऑगस्ट १९४५ मध्ये, त्याने आर्ची मूरला सहाव्या फेरीत आडवं केलं.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मात्र जर्सी जो वॉलकॉटने त्याला निसटतं हरवलं. जवळपास पावणेचार वर्षांतली ही पहिली हार, आणि तीही युद्ध संपून कुलूप उघडायच्या बेताला. लुईशी किताबाची लढत मिळाली टॅमी मॉरिएलोला, ज्याला बिव्हिन्सने आधीच हरवलं होतं. मॉरिएलो पहिल्याच फेरीत संपला. पुढे चार्ल्स, मूर, जोई मॅक्सिम असे बिव्हिन्सकडून मार खाल्लेले एकेक जण जगज्जेते झाले. त्याला स्वतःला एकदाही संधी मिळाली नाही. पुढच्या लढतींत चार्ल्स आणि मूर त्याच्यावर भारी पडले हेही खरं. पण तोवर त्याची धार ओसरली होती. १९५१ मध्ये बॉल्टिमोरला लुई समोर आला तेव्हा तो ३७ वर्षांचा माजी जगज्जेता होता. दहा फेऱ्या झाल्या, लुई गुणांवर जिंकला.

११२ लढती, ८६ विजय. हातमोजे उतरवल्यावर बिव्हिन्सने बेकरीच्या मालाची गाडी चालवली, क्लीव्हलंडच्या पोरांना ठोसे शिकवले. १९९८ मध्ये पोलिसांना तो एका घराच्या माळ्यावर, घाणेरड्या घोंगडीखाली सापडला. वजन जेमतेम ५० किलो. बहिणीने त्याला घरी नेलं, खाऊपिऊ घालून उभं केलं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, कायमचं. त्यानंतर तो आणखी तेरा वर्षं जगला.